थंड खोलीचा उन्हाळा

एप्रिल उजाडला, की खराडीतल्या आमच्या कचेरीत खुर्च्यांच्या पाठींवर जाकिटे लटकू लागतात. बाहेर रस्त्यावरचे डांबर मऊ झालेले असते, रिक्षावाले ओला रुमाल डोक्यावर टाकून कडुनिंबाच्या तुटपुंज्या सावलीत गाड्या उभ्या करतात. आणि आत, पश्चिमेकडे तोंड करून बसवलेल्या सलग काचेच्या भिंतीमागे, माणसे थंडीने हात चोळत बसलेली असतात. दुपार कलली की ती काच इतकी तापते, की तिच्यालगतच्या टेबलांवर बसायला कुणी धजत नाही. मग त्या उन्हाला हरवण्यासाठी छतातली यंत्रणा आणखी जोराने चालवली जाते आणि त्या यंत्रणेला हरवण्यासाठी माणसे जाकिटे चढवतात. ही व्यवस्था आखणारे सगळे उच्चशिक्षित आहेत. इमारतीच्या दर्शनी भागात ऊर्जाबचतीबद्दल मिळालेली एक चकचकीत पाटीही आहे. मी रोज त्या पाटीखालून आत जाते, आणि रोज मला संताप येतो.

इमारतीला किती थंडावा लागेल, याची गणिते करणे हा माझा व्यवसाय आहे. मी सांगते, काच कमी करा, सावली द्या, फटी बुजवा. समोरचे गृहस्थ मान डोलावतात आणि विचारतात, “ते ठीक आहे मॅडम, पण मशीन किती मोठं घ्यायचं?” जणू छताला भोक पडले असता मोठी बादली कुठे मिळते, एवढाच प्रश्न सुज्ञ माणसाने विचारायचा असतो.

पण हा संताप खरे तर त्या काचेपुरता नाही. तो दोन उन्हाळ्यांमागचा आहे, इथून फार दूर नसलेल्या एका पत्र्याच्या शेडमधला. आणि ऊन चढू लागले, की अढीत घातलेल्या आंब्यासारखा तो आतल्या आत पिकत येतो.

आमचे गाव महापालिकेच्या हद्दीत आले तेव्हा मी शाळेत होते. शेतांचे आधी प्लॉट झाले, मग टॉवर. जनावरे गेली आणि गोठ्याचे शेड तेवढे मागे राहिले. माझे वडील खडकीला सरकारी कारखान्यात फिटर होते. पहाटे घर सोडायचे, संध्याकाळी दमून परतायचे. त्यामुळे जमिनीचे आणि भाडेकरूंचे सगळे व्यवहार त्यांचे थोरले बंधू, आमचे तात्या, बघत; आणि बघता बघता घरात कुणी कुठे बसावे हेही तेच ठरवू लागले. जमिनीची वाटणी कधी झाली नव्हती. ती झालेली नसणे तात्यांच्या सोयीचे होते आणि ती मागणे बाबांच्या स्वभावात नव्हते.

आईने त्या रिकाम्या शेडच्या ओट्यावर पालेभाज्या निवडायला सुरुवात केली. टॉवरांत राहायला आलेल्या नोकरदार मुलींना मेथीची भाजी हवी असते, मेथीची जुडी नको असते, हे तिने बरोबर ओळखले होते. शेजारच्या सुमनमावशी आणि आळीतल्या आणखी दोघीतिघी तिच्याबरोबर बसत. पाने खुडायची, धुवायची, पाकिटे भरायची आणि सकाळी सोसायट्यांत पोचवायची. थंडीच्या दिवसांत हे सुरळीत चाले. उन्हाळ्यात मात्र संध्याकाळी भरलेली कोथिंबीर सकाळी पाकिटात काळवंडलेली असे, आणि आई ती पाकिटे फोडून शेजारच्या शेळ्यांना घाली. म्हणून निवृत्त झाल्यावर बाबांनी तिला थंड खोली बांधून दिली.

खोली म्हणजे शेडच्या कोपऱ्यात उभा केलेला, माणूस आत चालत जाऊ शकेल एवढा घरगुती डबा. लोखंडी सांगाडा, त्यात थर्माकोलच्या लाद्या, दोन्ही बाजूंनी प्लायवूड, बाबांनी स्वतः जुळवलेले जाड दार, आणि शेडच्या भिंतीत बसवलेला एक जुना खिडकीचा ए.सी. घरातला ए.सी. सोळा अंशांच्या खाली जायला तयार नसतो. त्याची समजूत घालावी लागते. तापमान मोजणाऱ्या त्याच्या काडीला एक लहानसा कंट्रोलर किंचित ऊब देत राहतो. काडीला वाटते, खोली अजून तापलेलीच आहे, आणि ए.सी. बिचारा चार-पाच अंशांपर्यंत राबत राहतो. राबणाऱ्याला खरे काय ते कळूच द्यायचे नाही, ही युक्ती बाबांनी समजावून सांगितली तेव्हा आई म्हणाली होती, “हे यंत्र आपल्या घरात शोभतं.”

त्या खोलीचा वास अजूनही मला नको तिथे गाठतो. परवा एका हॉटेलात शीतपेयांचे कपाट उघडले आणि ओल्या पोत्याचा, शेपूचा आणि गार लोखंडाचा तो वास अंगावर आल्यासारखा वाटला. त्या वासाबरोबर आवाजही येतो: ए.सी.ची अखंड घरघर. त्या उन्हाळ्यात मी पदव्युत्तर प्रबंध लिहायला घरी आले तेव्हा ही घरघर दिवसरात्र चालू होती. माझा विषय उष्णतेचे वहन. घरात मात्र त्याचा अर्थ ‘मुलगी शिकते आहे’ इतकाच होता.

यंत्र थांबत नव्हते आणि खोलीही गार होत नव्हती. पहाटे आठ अंश, दुपारी चौदा, पंधरा. मेथी पिवळी पडत होती. सोसायट्यांतून तक्रारी येत होत्या आणि आईने ताज्या पाकिटांबरोबर माफी मागायलाही सुरुवात केली होती. अशात एका सकाळी तात्या शेडमध्ये आले. दार सताड उघडून आत डोकावले आणि तसेच उघडे ठेवून बोलत राहिले.

“बाळू, पाऊस लागूस्तवर बघ,” ते बाबांना म्हणाले. “नाय जमलं तर शेड पाडायचं. खाली चार, वर चार रूमा निघत्यात. कंपनीतली पोरं भाड्यानं घ्यायला रांग लावून हायत. हे फ्रीजचं खूळ किती दिस चालवायचं?”

आई उठली, तात्यांच्या मागून गेली आणि दार लावून पुन्हा आपल्या जागी येऊन बसली. तिने मान खाली घालून निवडायला घेतलेल्या मेथीत दोन-चार वेळा देठच ठेवून पाने फेकली गेली. एवढेच, पण मला तेवढे पुरेसे होते. पावसाळ्यापर्यंत ती खोली गार झाली नसती, तर आईच्या हातात पुन्हा घरातली चूल तेवढी उरणार होती.

पहिली पायरी म्हणून बाबा मला ए.सी.च्या दुकानात घेऊन गेले. दुकानदाराने आमची हकिकत अर्धी ऐकली.

“दोन टनाचा टाका साहेब, डोकं शांत होईल,” तो बाबांना म्हणाला.

“आत्ताच्या यंत्राची उष्णता बाहेर नीट टाकली जाते का, हे आधी पाहायला नको का?” मी विचारले.

“मॅडम, पांढरा हवा का सिल्व्हर, ते तुम्ही ठरवा. बाकीचं मी साहेबांशी बोलतो.”

“साहेबांना यातलं काही कळत नाही,” बाबा शांतपणे म्हणाले. “साहेब नुसते स्कूटर चालवायला आलेत.”

आम्ही काहीही न घेता परतलो. मला आठवते, सिग्नलला थांबलो असताना माझे कान तापले होते आणि ते उन्हाने नव्हे. आजही बैठकीत कुणी माझ्या आकड्यांवरचा प्रश्न माझ्या शेजारच्या सहकाऱ्याला विचारतो, तेव्हा माझे कान तसेच तापतात. वीज वाया जाते ती फटींतून, हे शास्त्र सांगते. बुद्धी कुठून वाया जाते, याचे मोजमाप करणारे उपकरण अजून निघालेले नाही. निघाले तर ते बसवायला या शहरात जागांची उणीव भासणार नाही.

मी शोध सुरू केला तो शेडच्या मागच्या बाजूने. ए.सी.ची पाठ जिथे बाहेर निघते तिथे कुंपणाची भिंत अगदी लगत होती, आणि त्या पाठीवर चक्क एक गोधडी घातलेली होती. जनावराला ऊन लागू नये म्हणून पोते टाकतात तशी, नीट चारी बाजूंनी खोचलेली. ती तात्यांच्या घरच्या काकूंनी घातली होती.

“अगं, ऊन लागतंय त्याला,” काकू म्हणाल्या. “दिवसभर भणभणतंय बिचारं. हात लावून बघ, केवढं तापलंय.”

“काकू, ते आतली उष्णता बाहेर टाकतंय, म्हणून तापलंय. आपण त्याचं तोंड बांधलंय.”

“घ्या! माया केली तर तेही चुकलं,” असे म्हणत काकूंनी गोधडी झटकून खांद्यावर टाकली आणि त्या तरातरा निघून गेल्या. माझ्या संतापाच्या यादीत काकू नाहीत. गोठ्यात जे जे राबते त्याला सावली द्यावी, ही त्यांची रीत होती, आणि त्या घरात राबणाऱ्याचा विचार करणारी ती बहुधा एकमेव रीत होती. फक्त सावली द्यायची होती पत्र्याला आणि यंत्राला हवी होती मोकळी हवा. मी बाबांकडून कुंपणाच्या भिंतीत जाळी बसवून घेतली, पत्र्यावर चुन्याचे दोन हात दिले आणि वर हिरवे नेट ताणले. 

मग भिंत उघडली. आतल्या बाजूच्या प्लायवूडमागे बाबांनी जाड प्लास्टिक लावले होते, आणि त्यामागची थर्माकोलची लादी ओढताच माझ्या हातात आली ती चहात बुडवलेल्या पावासारखी जड. पिळली असती तर पाणी निघाले असते. ओली लादी उष्णता अडवत नाही, आत आणून पोचवते. बाबा खाली वाकून ती लादी पाहत राहिले.

“भाजीचं पाणी भिंतीला लागू नये म्हणून मी प्लास्टिक आतून लावलं.”

“पाणी भाजीचं नाहीच बाबा. ते बाहेरच्या हवेतलं आहे. हवेतली वाफ गरम बाजूकडून थंड बाजूकडे जाते. वाटेत भिंत गार लागली की तिथेच तिचं पाणी होतं. प्लास्टिक बाहेरून हवं होतं.”

बाबांनी ते प्लास्टिक बोटाने उचलून पाहिले. “म्हणजे भिंतीला मी रेनकोट आतून घातला,” ते म्हणाले आणि लगेच पान्हे आणायला उठले. चूक कळल्यावर एवढ्या सहजपणे उठणारा पुरुष मी आमच्या घराण्यात दुसरा पाहिलेला नाही, हे इथे नोंदवून ठेवते.

भिंती नव्याने भरल्या. दाराला चारी बाजूंनी रबराची पट्टी बसवली, खालच्या फटीला जाड झालर लावली, आत प्लास्टिकच्या पट्ट्यांचा पडदा सोडला. आतला तापणारा पिवळा दिवा बदलला. कप्पीवरून दोरी घेऊन तिला वजन बांधले, म्हणजे कुणी दार उघडे टाकले तरी ते आपले आपण लागावे. उरली ती भाजी. गच्चीवरच्या काळ्या टाकीतले पाणी दुपारी चहाइतके गरम असे. त्याने धुतलेली, निथळती भाजी थेट आत ठेवली जाई, आणि यंत्राची निम्मी शक्ती ते पाणी गार करण्यात जाई. मी वेळापत्रक बदलले. निवडणे आणि धुणे पहाटेच, रात्रभर निवलेल्या पाण्याने. मग ओट्यावर ओली पोती पसरून त्यावर भाजी, वरून पंखा. कोरड्या हवेत पाणी उडता उडता पाने स्वतःच गार होतात. मग आत.

“मेथीला पंखा?” सुमनमावशी पोते पसरताना म्हणाल्या. “लग्नाला पंचवीस वर्षं झाली, मला कधी कुणी लावला नाही.”

“तू पिवळी पडतेस का?” आईने विचारले.

“आतून पडले असेन. प्लास्टिक कुठल्या बाजूने लावलंय, कोण बघतंय!”

त्या पहाटेच्या ओट्यावरचे हसणे मला अजून ऐकू येते. चुन्याचा ओला वास, पोत्यावरून येणारा गार वारा, लांब टॉवरांच्या वरच्या मजल्यांवर पडू लागलेले पहिले ऊन, आणि या बायका, ज्यांना कुणी तंत्रज्ञ म्हणणार नव्हते, हाताच्या पाठीने पानांना स्पर्श करून भाजी आत न्यायच्या योग्य झाली का ते ठरवत होत्या. 

तरीही दुपारी पारा चढतच होता. मी खोलीत तापमानाची नोंद ठेवणारे एक छोटे उपकरण लावले, आणि संध्याकाळी पडद्यावर आलेख पाहिला तर तो करवतीसारखा दातेरी. प्रत्येक दात म्हणजे एकेकदा उघडलेले दार, आणि ते दार आम्ही उघडलेले नव्हते. दिवस लग्नसराईचे होते. आमच्याकडे भावकी मोठी, एका आडनावाची घरेच घरे, आणि लग्नसराईत भावकीला ‘नाही’ म्हणायचे नसते. कुणाचा मठ्ठा, कुणाचे हार, कुणाच्या आंब्याच्या पेट्या, कुणाच्या पाण्याच्या बाटल्यांची खोकी. सगळ्यांत जास्त वर्दळ तात्यांच्या घरची. खोली गार होत नाही असे गावभर सांगणारे तात्या दुपारच्या जेवणानंतर त्याच खोलीतले ताक मागवत. पाहुण्यांना दार उघडून दाखवत, आणि आत भाजी निवडून ठेवणाऱ्या बाईला यातले काही विचारावे, असे कुणाच्या मनातही येत नसे.

उष्णतेचा एक गुण मला लहानपणापासून ठाऊक होता, फक्त त्याला शास्त्रात नाव आहे हे पुढे कळले. ती परवानगी मागत नाही. फट दिसली की आत येते, आणि तिला बाहेर काढायचा सगळा खर्च आतल्याने सोसायचा. 

आलेख मी आईला दाखवला. तिने त्याचे दात बोटाने मोजले. दुसऱ्या दिवशी तिने दाराला कडी लावली आणि भावकीसाठी सकाळ-संध्याकाळ दोनच वेळा ठरवल्या. भावकीत कुजबुज झाली. आई आपल्या जागी बसून पालक खुडत राहिली.

आणि मग एका दुपारी, ऐन कडक उन्हात, घरघर थांबली.

बाबा जेवणावरून उठले. “लाईट गेली का?” त्यांनी विचारले. सुमनमावशी ओट्यावरून ओरडल्या, “अहो, मशीन गेलं वाटतं!” काकू पलीकडच्या घरातून धावत आल्या. बाबा मीटरपाशी, आई दारापाशी. आणि मी मधोमध उभी राहून सांगते आहे, की काही बिघडलेले नाही. खोली हवी तेवढी गार झाली आहे, म्हणून यंत्र विसावा घेते आहे. कुणाला पटेना. कामाचे यंत्र मध्येच आपल्या हक्काने थांबू शकते, ही कल्पनाच त्या अंगणात नवी होती. आईने कडी काढून आतल्या तापमापकाच्या काट्याकडे पाहिले. पाच अंश. तिने पुन्हा दार लावले आणि तिथेच, दाराला पाठ टेकून, डोळे मिटून थोडा वेळ उभी राहिली. चिमण्यांचा आवाज येत होता. तो आधीही येत असणार.

मे महिन्यात तात्यांच्या मुलाचे लग्न होते. आदल्या दिवशी आचाऱ्यांची माणसे बासुंदीची दोन मोठी पातेली घेऊन शेडकडे आली. पातेल्यांतून वाफा निघत होत्या. तात्या पुढे होते. “उघड गं दार,” ते मला म्हणाले.

मी काही बोलायच्या आत आई उठली. “गरम भांडं आत जाणार नाही, तात्या.”

“घरचं लगीन हाय!”

“म्हणूनच. आत ठेवलं तर बासुंदीही नासेल आणि माझी भाजीही. हौदात गार पाणी भरून ठेवलंय, बर्फही आणलाय. पातेली आधी हौदात उतरवा. निवली की मी स्वतः आत ठेवीन.”

तात्यांचा चेहरा असा झाला, की जणू पाहुण्यांसमोर कुणी त्यांची टोपी काढून घेतली असावी. बोलायला ते तोंड उघडणार तोच मागून आचारी म्हणाला, “बरोबर बोलतायत ताई. गरम कोंडली तर आंबेल.” पातेली हौदात उतरली. संध्याकाळी आचारी खोलीत गेला, काट्याकडे पाहिले, भिंतीला हात लावला, आणि बाहेर येऊन तात्यांच्या देखत माझ्याकडे वळून म्हणाला, “एवढ्या उन्हाळ्यात पाच? आमच्या भाड्याच्या थंड गाड्यांत पण राहत नाही एवढं गार.” मला अभिमान वाटला. तेव्हा मला कळले नाही, की त्याच वाक्याने आमची खोली गेली.

लग्नानंतर तात्या ओट्यावर येऊन बसले. आवाजात माया होती, आणि तिचीच मला धास्ती वाटली. रूमा बांधायचे रद्द, ते म्हणाले. शेड पाडायचे नाही. आचाऱ्याला वर्षभर थंड जागा हवी आहे. आपली कोल्ड रूम त्याला द्यायची, बोलणी झालीच आहेत. “तुझ्या आईला काय, एक कोपरा ठेवू की भाजीला,” ते मला म्हणाले. आई हातभर अंतरावर बसली होती.

जोवर ती खोली चालत नव्हती, तोवर ते आईचे खूळ होते. चालू लागताच ती घराण्याची मालमत्ता झाली. त्या भिंतींतली प्रत्येक लादी आईच्या मेथी-कोथिंबिरीच्या पैशांतून आली होती, त्या पाच अंशांसाठी बायका पहाटे उठल्या होत्या. पण जागेवर नाव नाही म्हणून कष्टावरही नाही. आणि हे सांगताना तात्यांच्या आवाजात कुठे अपराधाची कोर नव्हती. लबाडी असती तर मी समजू शकले असते. त्यांना ते मनापासून न्याय्य वाटत होते. अन्याय करणाऱ्याला तो दिसतच नाही, याचा मला जेवढा राग येतो तेवढा प्रत्यक्ष अन्यायाचाही येत नाही.

मी भांडले. शास्त्राने भांडले, कायद्याने भांडले, मोठ्या आवाजात भांडले. “पोरगी लई शिकली,” तात्या बाबांना म्हणाले, आणि विषय संपला. बाबा खाली पाहत होते. त्यांचा मला त्या क्षणी जो राग आला, तो लिहायलाही नको वाटतो.

रात्री जेवताना आईने फक्त एक प्रश्न विचारला. मला नव्हे, बाबांना.

“हे सगळं सुटं होतं का?”

बाबा घास हातात घेऊन थांबले. “मी कुठं खिळा मारलाय? सगळं नट-बोल्टवर आहे,” ते म्हणाले. मग हळूच, “रविवारी तात्या सकाळी देवाला जातात.”

आज भावकीत आईची ओळख ‘घर फोडणारी’ अशी आहे. कुणाच्या बारशाला, साखरपुड्याला गेले की एखादी चुलत आत्या माझा हात धरून समजुतीच्या सुरात सांगते, की वहिनींनी एवढे ताणायला नको होते, मोठ्यांचा मान राखायला हवा होता. घर कुणी फोडले याची चर्चा करणाऱ्यांपैकी एकानेही अजून मला विचारलेले नाही, की खोली कुणी बांधली होती. म्हणून त्या रविवारी जे झाले ते मी सरळ सांगते.

आम्ही उजाडताच कामाला लागलो. बाबा पान्हा फिरवत होते, मी लाद्यांवर क्रमांक घालत होते, सुमनमावशी आणि बाकीच्या बायका टेम्पोत माल चढवत होत्या. लाद्या कोरड्या ठणठणीत होत्या, हातात घेतल्या की वजन जाणवू नये अशा. पडदा निघाला, कप्पी निघाली, कंट्रोलर निघाला. ए.सी. बाबांनी लहान मूल उचलावे तसा उतरवला. भिंतीतले भोक त्यांनी विटा लावून बुजवले, वर गिलावाही केला. मग आईने केरसुणी घेतली. कोपऱ्याकोपऱ्यातून शेड झाडले, बादल्या ओतून फरशी धुतली. आम्ही सगळे थांबून पाहत होतो, कारण ते काम ती घाईने करत नव्हती.

फरशी वाळत असतानाच तात्या आले. बरोबर आचारी होता, जागा पाहायला. जिथे खोलीचे दार होते तिथे तात्या थांबले. पत्र्याखाली ऊन कोंडू लागले होते.

“खोली कुठं हाय?”

“जागा तुमची, ती झाडून-धुऊन दिली आहे,” आई म्हणाली. “आतलं आमचं होतं.”

“वाटण्या व्हायच्यात अजून घरात! आन् तू भिंती उचलून चाललीस?”

“भिंती तिथेच आहेत, तात्या. थर्माकोल नेलाय.”

सुमनमावशींनी पदर तोंडाला लावला. तात्यांनी बाबांकडे पाहिले; बाबा पान्हे एकेक करून कापडात गुंडाळत होते, आणि त्यांनी मान वर केली नाही. आचारी व्यवहारी माणूस होता. तो शेडकडे पाठ करून टेम्पोपाशी गेला, एक लादी बोटाने दाबून पाहिली, दाराच्या रबरी पट्टीवरून हात फिरवला.

“ताई, ही आता कुठं उभी करणार?”

प्रश्न आईला होता आणि ती त्याच्या समोर उभी होती. तरीही उत्तर द्यायला तोंड तात्यांनीच उघडले. “अजून काय ठरलेलं नाय, आमी घरात बसून...”

“ठरलंय,” आई म्हणाली. “केसनंद रस्त्याला, सुमनच्या भावाच्या गाळ्यात. सामान ठेवायचं असेल तर मला विचारा. पण आज नको, आज कामात आहे.”

दार तेवढे खाली राहिले होते. ती एका टोकाला वाकली.

“तू खालून धर,” ती मला म्हणाली, आणि आम्ही ते टेम्पोत चढवले.